दोन मंडळ्या एक कशा झाल्या?

उमरठ हे आमचे गाव. नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी येथे आहे. ती पाहायला लांबलांबची माणसे येतात. समाधीपुढे सगळे एका रांगेत उभे राहतात. तिथे कुणी कुणाला विचारीत नाही, की बाबा, तू कुठल्या वाडीचा?

पण माणूस घरी परतला, की त्याला वाडी आठवते. भावकी आठवते. मागची भांडणे आठवतात. पालखी आधी कुणाच्या दारी न्यायची, एवढ्यावरून एका गावकीच्या दोन गावक्या झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत. गावकी फुटायला एक रात्र पुरते. ती पुन्हा एक व्हायला किती काळ लागतो?

याच प्रश्नावरची एक खरी हकिगत आज आम्ही सांगणार आहोत. ती ख्रिस्ती लोकांची आहे. आपल्यातल्या पुष्कळांनी चर्च आतून पाहिलेले नसेल. तरी हकिगत ऐका. माणसे सगळीकडे सारखीच असतात, आणि त्यांची भांडणेही सारखीच असतात.

१. तीन वाटांनी आलेली माणसे

आपली सावित्री नदी महाबळेश्वरावर उगम पावते. पोलादपूर, महाड करीत ती बाणकोटापाशी समुद्राला मिळते. या बाणकोटाला १८२३ साली स्कॉटलंड देशाचे मिशनरी आले. मिशनरी म्हणजे आपल्या धर्माचा प्रचार करायला आलेला माणूस. त्यांनी बाणकोट आणि हर्णै या बाजूला शाळा काढल्या. पुढे त्यांचे काम मुंबईस आणि पुण्यास गेले. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, ते जॉन विल्सन स्कॉटलंडचेच.

त्याच्या आधी, १८१३ साली, अमेरिकेचे मिशनरी मुंबईस उतरले होते. १८३१ साली त्यांनी अहमदनगरास आपले ठाणे केले. त्यांच्या संस्थेला 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणत. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण ही हकिगत जुनी, म्हणून आम्ही नगर असेच म्हणू.

तिसरी वाट इंग्लंडची. इंग्लंडच्या राजाचा जो पंथ, त्याला 'अँग्लिकन' म्हणतात. त्यांचे मिशन १८७० नंतर नगर जिल्ह्यात काम करू लागले. तिथे अमेरिकन मिशन आधीपासून होतेच. आता एकाच भागात दोन मिशने झाली. दोघांत कुरबुर झाली, हे सांगायला नकोच.

ज्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, ती माणसे आपलीच मराठी माणसे. एका गावात अमेरिकेचा माणूस आधी पोचला, तर ते गाव अमेरिकन मिशनचे झाले. शेजारच्या गावात इंग्रज आधी पोचला, तर ते गाव इंग्रज मिशनचे झाले. देव एक, ख्रिस्त एक, बायबलचे पुस्तक एक. पण पंथ दोन! आणि या पंथांचे वाद सुरू झाले होते सातासमुद्रापलीकडे, दोनतीनशे वर्षांपूर्वी. त्या वादाशी नगरच्या शेतकऱ्याचा काय संबंध? काही नाही. तरी तो वाद त्याच्या घरात येऊन बसला.

२. एका बाकावर बसलेली आजी

वाद घरात कसा बसतो, ते ऐका. आम्ही नोकरीत असताना आमच्याबरोबर नगरकडचे एक ख्रिस्ती शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते जुन्या गोष्टी सांगत. एकदा म्हणाले, "गुरुजी, माझ्या आजीचं माहेर अमेरिकन मिशनच्या मंडळीत. तिला दिली इंग्रज मिशनच्या घरात. लग्नाला कुणी आडकाठी केली नाही. जेवणखाण एक, भाषा एक, सोयरीक एक."

आम्ही विचारले, "मग अडचण कुठे आली?"

ते म्हणाले, "देवापुढं आली. आमच्यात प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट सगळ्यांनी मिळून घ्यायचा. सासरच्या चर्चमधे नियम असा, की बिशपनं डोक्यावर हात ठेवून ज्याला पक्कं केलं, त्यानंच ते घ्यायचं. आजीच्या माहेरी बिशपच नव्हता! मग हिला पक्कं कोण करणार? सगळं घर उठून पुढं जायचं. आजी एकटी बाकावर बसून राहायची. बरीच वर्षं ती तशी बसली. म्हणायची, घरात मी सगळ्यांना भाकरी वाढते, आणि इथं मला भाकरी नाही."

वाचकहो, या एका वाक्यात सगळा प्रश्न आला.

येथे एक शब्द समजून घ्या. आपण 'मंडळी' म्हणतो, म्हणजे जमलेली माणसे. ख्रिस्ती लोक एका ठिकाणी एकत्र भक्ती करणाऱ्या समूहाला मंडळी म्हणतात. एका शहरात दोन पंथांच्या दोन मंडळ्या असत. दोन्हींचे चर्च जवळजवळ, पण दोन्हींचे कारभार वेगळे.

३. जे आधीच एक होते

दोन मंडळ्यांत सगळेच वेगळे होते काय? नाही. पुष्कळ गोष्टी आधीच एक झाल्या होत्या.

पहिली गोष्ट गाणी. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे आपल्या कोकणातले. दापोलीकडच्या करजगावी १८६१ साली त्यांचा जन्म झाला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनमधे काम करू लागले. त्यांनी ओव्या-अभंगांच्या चालीवर ख्रिस्ती भजने रचली. ती भजने एका पंथापुरती राहिली नाहीत. 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकात ती आली आणि वेगवेगळ्या मंडळ्या ती गाऊ लागल्या. भजनाला कुंपण नसते, हे आपल्या वारकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट वाचन. 'ज्ञानोदय' हे मराठी पत्र १८४२ साली नगरास निघाले. मराठी बायबलही घरोघर होते. ज्याला वाचता येई, तो दुसऱ्याला वाचून दाखवी. अशाने माणसांना कळू लागले, की पलीकडची मंडळी आपल्यासारखीच आहे.

तिसरी गोष्ट सोयरीक. तिच्याबद्दल आम्ही वर सांगितलेच आहे.

म्हणून ध्यानात ठेवा. एकी करायची तर आधी पाहावे, आपल्यात एक काय आहे. वेगळे काय आहे ते मागून पाहावे.

४. पहिले पाऊल, १९२४

अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांची रीत अशी होती, की प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपणच पाहायचा. स्कॉटलंडच्या मंडळ्यांची रीत वेगळी. तिथे निवडलेले 'वडील' म्हणजे पंच असत, आणि पुष्कळ मंडळ्यांचे पंच मिळून एक मोठी सभा असे. १९२४ साली या दोन रीतींच्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यांच्या चर्चचे नाव 'युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया'. उत्तर भारताची संयुक्त मंडळी, असा त्याचा अर्थ.

मुंबई, पुणे, नगर, सोलापूर येथील अमेरिकन व स्कॉटिश मंडळ्या अशा एका छताखाली आल्या. पण इंग्रज मिशनची मंडळी बाहेरच होती. आजी अजून बाकावरच बसली होती.

५. एक्केचाळीस वर्षांची बोलणी

१९२९ साली मोठ्या एकीची बोलणी सुरू झाली. ती पुरी झाली १९७० साली. म्हणजे एक्केचाळीस वर्षे लागली! बोलणी सुरू करणाऱ्यांपैकी कित्येकांनी शेवट पाहिला नाही. तिकडे दक्षिणेत २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला अशीच एकी होऊन 'चर्च ऑफ साउथ इंडिया' स्थापन झाले. त्यामुळे उत्तरेकडच्या लोकांना धीर आला.

एवढा वेळ का लागला? तीन गाठी होत्या. त्या ओढून तोडायच्या नव्हत्या, सोडवायच्या होत्या.

पहिली गाठ कारभाराची. अँग्लिकन म्हणत, बिशप पाहिजे. बिशप म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारा मुख्य धर्मगुरू. स्कॉटलंडवाले म्हणत, पंच पाहिजेत. अमेरिकन मिशनवाले म्हणत, सगळ्या सभासदांना विचारले पाहिजे. यात तुम्ही कुणाला खोटे ठरवाल? शेवटी ठरले, की तिन्ही ठेवू. बिशप असेल, पण तो एकट्याच्या मर्जीने कारभार करणार नाही. प्रत्येक ठिकाणी मंडळीची समिती असेल. अनेक मंडळ्यांचा मिळून एक धर्मप्रांत, आणि त्याची परिषद असेल. सर्वांवर 'सिनड' नावाची मोठी सभा असेल. गावची सभा, तालुका आणि जिल्हा यांची उतरंड आपण जाणतो. हे तसेच.

दुसरी गाठ बाप्तिस्म्याची. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने देण्याची ख्रिस्ती धर्माची दीक्षा. काही मंडळ्या तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट आणि ब्रदरेन मंडळ्या म्हणत, की माणूस जाणता झाला, स्वतः विश्वास सांगू लागला, की मगच द्यावा. ही गाठ फार घट्ट होती. ती अशी सुटली, की दोन्ही रीती मान्य करायच्या. आईबापांनी आपल्या समजुतीप्रमाणे करावे. एकाने दुसऱ्याला कमी लेखू नये.

तिसरी गाठ मानाची. मंडळीच्या धर्मगुरूला पाळक म्हणतात. एका पंथाच्या पाळकाला दुसरा पंथ पुरा पाळक मानीत नसे. मग कुणी कुणाकडून पुन्हा दीक्षा घ्यायची? जो घेईल त्याची मान खाली जाणार. म्हणून असे ठरले, की सगळ्यांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. कुणी आपली जुनी दीक्षा खोटी म्हणायची नाही. देवाला जे कमी वाटत असेल ते त्याने भरून काढावे, अशी प्रार्थना करायची. कुणाचाच मान गेला नाही, आणि काम झाले.

एकीची योजना लिहून छापली गेली. ती निरनिराळ्या मंडळ्यांपुढे ठेवली गेली. लोकांनी हरकती घेतल्या. योजना पुन्हा सुधारली. असे अनेकदा झाले. चौथ्यांदा सुधारलेली योजना १९६५ साली निघाली, आणि तिच्यावर ज्या त्या चर्चच्या सभांनी आपला कौल दिला.

६. नागपूरचा रविवार

२९ नोव्हेंबर १९७०. रविवारचा दिवस. नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रल या चर्चच्या आवारात सगळे जमले. सहा चर्चे त्या दिवशी एक झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडचे मेथॉडिस्ट, ही ती सहा. नव्या चर्चचे नाव 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया', म्हणजे उत्तर भारताची मंडळी. दिल्लीचे बिशप एरिक नासिर हे त्याचे पहिले प्रमुख झाले.

आमचे शिक्षक मित्र त्या वेळी लहान होते. ते सांगत, "नागपूरला काय झालं ते आम्हां पोरांना कळलं नाही. पण पुढं एका रविवारी आजी बाकावरनं उठली आणि सगळ्यांबरोबर पुढं गेली. ते मात्र मी पाहिलं. परत येताना ती रडत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही रे, आज जेवले."

येथे एक गोष्ट समजून घ्या. चर्च एक झाले, म्हणून एक इमारत पाडून दुसरीत सगळे गेले असे नाही. इमारती जागच्या जागी राहिल्या. रविवारची भक्तीही आपापल्या ठिकाणी चालू राहिली. नगरचे ह्यूम मेमोरियल चर्च आजही आपल्या जुन्या नावाने उभे आहे. पण या मंडळीचा माणूस त्या मंडळीत गेला, तर तो आता पाहुणा नव्हे, घरचा.

७. जे बाहेर राहिले

सगळेच आले काय? नाही. खरे ते सांगितले पाहिजे. रोमन कॅथलिक चर्च या बोलण्यांत नव्हतेच. अमेरिकेकडून आलेल्या मेथॉडिस्टांचा मोठा गट बोलण्यांत होता. पण अगदी शेवटी, १९७० सालीच, त्यांनी बाहेर राहायचे ठरविले. पुढे १९८१ साली ते 'मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया' झाले. त्यांना कुणी वाईट म्हणू नये. एकी ओढून आणता येत नाही. ज्याला यायचे नाही त्याच्यासाठी दार उघडे ठेवावे, आणि आलेल्यांनी आपले काम सुरू करावे.

८. मने जुळली, कागद राहिला

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. तो नीट वाचा.

गुजरातेत ब्रदरेन मंडळीची जमीन व इमारती होत्या. मंडळीच्या सभेने १९७० साली नव्या चर्चमधे जाण्याचा ठराव केला होता. पण काही सभासदांना ते मान्य नव्हते. मालमत्ता कुणाची, यावर वाद लागला. तो एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात गेला. शेवटी २०१३ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. निकालाचा मतलब असा. नुसता ठराव केल्याने मालमत्ता आपोआप नव्या संस्थेची होत नाही. जुनी संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली आहे. ती बंद करायची किंवा दुसरीत मिळवायची, तर कायद्याने सांगितलेली रीत पाळली पाहिजे. ती येथे पाळली गेली नाही.

१९७० ते २०१३. त्रेचाळीस वर्षे! एकीची बोलणी करायला लागली त्यापेक्षाही दोन वर्षे जास्त.

आम्हांला याचे नवल वाटले नाही. कारण असाच घोटाळा आमच्याही हातून झाला आहे. आमच्या खोऱ्यातल्या एका गावात दोन वाड्यांच्या दोन गावक्या होत्या. मोठ्या मिनतवारीने त्या एक झाल्या. मुंबईकर मंडळीही बैठकीला आली होती. ठराव आम्हीच लिहिला. अक्षर सुंदर, भाषा सुंदर! सगळ्यांनी नारळ फोडला, गूळ-खोबरे वाटले. पण एका वाडीचे पैसे बँकेत जुन्या नावावर होते. खात्यावर दोघांच्या सह्या लागत. ते खाते बदलून घ्या, असे आम्ही कुणाला सांगितले नाही. आमच्या ध्यानातच आले नाही. पुढे त्या दोघांतला एक गडी वारला. सभामंडपाचे काम निघाले, तेव्हा पैसे निघेनात. मोठी भांडी कुणाची, हाही वाद निघाला, कारण भांड्यांची यादीच केली नव्हती. बोलाचाली झाली. दुसऱ्या वर्षी एक वाडी पुन्हा वेगळी बसू लागली.

चूक आमची. आम्ही मने जुळवली आणि कागद विसरलो.

आता त्या दोन वाड्यांची माणसे पुन्हा आमच्याकडे आली आहेत. म्हणतात, "गुरुजी, पुन्हा एकदा लिवून द्या." आम्ही म्हणालो, "देऊ. पण या वेळी आम्ही एकट्याने लिहिणार नाही. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. प्रत्येक ओळ तुम्ही वाचायची, मग सही करायची."

९. या हकिगतीतून काय घ्यावे?

एक. आपल्यात समान काय आहे, ते आधी मोजावे.

दोन. दोन रीती असतील, आणि दोन्हींनी कुणाचे नुकसान होत नसेल, तर दोन्ही ठेवाव्यात.

तीन. कुणाचा मान जाईल असे काही करू नये. मान गेलेला माणूस आज गप्प बसतो आणि उद्या फुटतो.

चार. घाई करू नये. पण बोलणी सोडूही नयेत.

पाच. जमीन, पैसा, भांडी, चाव्या या सगळ्यांची यादी करावी. सातबारा, बँकेचे खाते आणि नोंदणीचा दाखला कुणाच्या नावावर आहे, ते पाहावे. संस्था नोंदलेली असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत चौकशी करून रीतीप्रमाणे बदल करून घ्यावा.

सहा. जो बाकावर एकटा बसला आहे, त्याच्याकडे पाहावे. दोन गटांच्या भांडणात तोच भरडला जातो. बहुधा ती दुसऱ्या वाडीतून लग्न होऊन आलेली एखादी बाई असते. तिला बैठकीत कुणी विचारीत नाही. या वेळी तिलाही विचारावे.

महाडजवळ गांधारी सावित्रीला मिळते. पुढे बाणकोटापर्यंत नाव सावित्रीचेच राहते. पण पाणी दोघींचे असते. कुणी म्हणत नाही, की गांधारी बुडाली. माणसांनाही असे मिळता येते. फक्त त्यांना बोलावे लागते, थांबावे लागते, आणि लिहून ठेवावे लागते.

शब्दांचे अर्थ

मंडळी – एकत्र भक्ती करणारा ख्रिस्ती समूह.
पाळक – मंडळीचा धर्मगुरू.
बिशप – अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारा मुख्य धर्मगुरू.
धर्मप्रांत – एका बिशपाच्या देखरेखीखालचा भाग.
ठराव – सभेने मिळून ठरविलेली व लिहून ठेवलेली गोष्ट.
विश्वस्त – लोकांची मालमत्ता लोकांसाठी सांभाळणारा.

वाचा, विचार करा, सांगा

१. आजी बाकावर एकटी का बसत असे?
२. बाप्तिस्म्याची गाठ कशी सुटली?
३. नागपूरला किती चर्चे एक झाली? कोणत्या साली?
४. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली काय सांगितले?
५. तुमच्या वाडीच्या सामायिक वस्तूंची यादी कुणाजवळ आहे? नसेल, तर आज वर्गात बसून ती लिहून काढा.